जाळ्यात आलेलं पुन्हा दर्यात नाही: प्रकल्प नोंदी, २०२५

२६ जानेवारी २०२५, रविवार

ग्रामसभा झाली. पाणीपट्टीची थकबाकी, स्मशानाचा रस्ता, अंगणवाडीचं छप्पर हे नेहमीचे विषय झाल्यावर आयत्या वेळच्या विषयांत मी दर्यातल्या प्लास्टिकचा विषय काढला. तोवर निम्मी माणसं उठून गेली होती. मागे बसलेल्या एका नाखवाने, म्हणजे होडीमालकाने, तिथूनच विचारलं, "दर्याचा कचरा दर्यान. आमी कनाला आनाचा?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण आमच्या घरची होडीही तेच करते. जाळं ओढायचं, मासळी वेगळी काढायची, पिशव्या-बाटल्या परत पाण्यात ढकलायच्या. सासरे तेच करत आले, नवराही तेच करतो. मी स्वतः वीस वर्षं जेट्टीवर टोपली घेऊन बसले, सगळं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि कधी काही वाटलं नाही.

घरी आल्यावर मात्र त्या प्रश्नाचा नीट विचार केला. दर्यातून कचरा काढायला वेगळी बोट, यंत्र, डिझेल काहीच लागत नाही. तो रोज वर येतोच. जमिनीवर त्याला जागा नाही म्हणून परत जातो. म्हणजे सरपंच म्हणून माझं काम जागा करण्याचं आहे. दर्या साफ करण्याच्या गोष्टी मी कमीच बोलाव्यात.

ठराव झाला नाही. इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढं तरी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी

काल माघी पौर्णिमा झाली, उधाण आहे. पहाटे वजनकाटा घेऊन जेट्टीवर गेले. आमच्याकडे मुख्य मासेमारी डोलीची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते: डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबलचक जाळं. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती बांधायची आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडायची. डोल माशाच्या मागे जात नाही. प्रवाह जे आणेल ते तिच्या पोटात येतं. त्यामुळे नदीने, खाडीने, पऱ्याने (ओढ्याने) जे सोडलं ते सगळ्यात आधी डोलीत सापडतं.

शेपटाचं बंद टोक, ज्याला आम्ही खोला म्हणतो, ते आमच्या होडीवर माझ्यासमोर सोडलं. बोंबील, करंदी, थोडी मांदेली. त्यांच्यात गुंतलेल्या दुधाच्या पिशव्या, कापलेल्या कोपऱ्यांसकट. सिमेंटच्या गोणीची निघालेली नायलॉनची दोरं. चपलेचा एक तळ. बिनझाकणाची शाम्पूची बाटली, आत एक लहान खेकडा जिवंत. आणि पुड्या, मोजून कंटाळा येईल इतक्या. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण त्याच्या पुड्या एका खोल्यात चाळीसच्या वर निघाल्या. ओलं वजन पावणेचार किलो भरलं. एका डोलीचं, एका ओढीचं. आमच्या गावात डोलीच्या होड्या बावीस आहेत.

नवरा म्हणाला, "खोल्यात प्लास्टिक बसलं की पाणी पुढं जात नाय. ओढ येते आणि जाळं फाटतं." इतकी वर्षं फाटलेलं जाळं शिवताना मी शेजारी बसत आले, कारण कधी विचारलं नव्हतं.

दुपारी खळ्यावर गेले. जवळा वाळत घातला होता आणि चार बायका उकिडव्या बसून त्यातून प्लास्टिकचे तुकडे वेचत होत्या. निळा दोरा दिसतो. पांढरी चिंधी दिसत नाही, ती जवळ्याच्याच रंगाची होते. एकीने डोळ्यांजवळ नेऊन दाखवली, नखाएवढी, चुरगळलेली. "ही राहिली की व्यापारी अख्खं पोतं बाजूला काढतो," म्हणाली. म्हणजे दर्यातल्या प्लास्टिकची किंमत आमच्या बायका आजही भरतात. फक्त ती कुठल्या हिशोबात दिसत नाही. पुढच्या वेळी कुणी "आमी कनाला" विचारलं तर मी त्याला खळ्यावर नेणार आहे.

२० फेब्रुवारी

पुतण्याने केरळची माहिती मोबाईलवर काढून वाचून दाखवली. कोल्लमजवळ शक्तिकुळंगरा नावाचं मोठं मासेमारी बंदर आहे. जे. मर्सीकुट्टी अम्मा तेव्हा केरळच्या मत्स्यव्यवसाय मंत्री होत्या, त्याच जिल्ह्यातल्या कुंडरा मतदारसंघातून निवडून आलेल्या. त्यांच्या पुढाकाराने २०१७ साली तिथे 'शुचित्व सागरम्' सुरू झालं. मच्छीमारांना पिशव्या दिल्या. जाळ्यात येणारं प्लास्टिक परत न टाकता बंदरावर आणायचं. बंदरावर बायका ते धुऊन निवडतात, यंत्रात बारीक करतात, आणि तो चुरा रस्त्याच्या डांबरात जातो. पहिल्या दहा महिन्यांत २५ टन कचरा बाहेर आला. त्यातल्या पिशव्या आणि बाटल्याच १० टन होत्या.

मला त्यातली दोन कामं मोठी वाटली. एक, मासेमारी, बंदर बांधकाम, स्वच्छता अशी वेगवेगळी खाती आणि बोटमालकांची संघटना त्यांनी एका टेबलाशी बसवली. दुसरं, निवडणाऱ्या बायकांना पगार दिला, सेवा म्हणून राबवलं नाही. हे दोन्ही राजकारणी माणसाचंच काम आहे. खलाशी पिशवी भरेल, पण खाती एकत्र बसवणं आणि पगाराची सोय लावणं त्याच्या हातात नाही.

२०२१ च्या निवडणुकीत मर्सीकुट्टी अम्मा कुंडऱ्यातून हरल्या. माझीही मुदत संपेल, पुढचं आरक्षण कुणाचं निघेल कुणास ठाऊक. जे काही करायचं ते माझ्या नावावर न ठेवता ठरावात आणि सोसायटीच्या नियमात बसवायला हवं. हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवते.

६ मार्च

भांगाचे दिवस, पाण्याला ओढ नाही, होड्या किनाऱ्याला. म्हणून मच्छीमार सोसायटीची बैठक आज घेतली. उधाणात बोलावलं असतं तर पाच माणसंही आली नसती.

पिशव्या कुठल्या यावरच अर्धा तास गेला. मी प्लास्टिकच्या साध्या गोणी म्हटलं. एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य खलाशी, म्हणाला, "वयनी, तिच्यात पाणी राहील, दुपारपर्यंत होडीत वास मारील." त्यानेच सुचवलं, कांद्याच्या जाळीदार गोणी. पाणी निथळतं, वजन हलकं, वाशीच्या बाजारातून रिकाम्या मिळतात. तेच ठरलं.

गोणी कुठे द्यायची? सोसायटीच्या बर्फाच्या खिडकीवर. होडी बर्फाला येतेच. भरलेली गोणी ठेवायची, रिकामी घेऊन जायची. दंड नाही, बक्षीस नाही. मला बक्षीस ठेवायचं होतं, सोसायटीच्या चेअरमनांनी नको म्हटलं: पैसे लावले की किनाऱ्यावरचा कचरा भरून आणतील आणि दर्यातला म्हणून दाखवतील. त्यांचं बरोबर होतं.

बावीसपैकी नऊ नाखवांनी गोणी नेली.

१४ मार्च, धुळवड

होड्या सजल्या, पूजा झाली. यंदा पताका कापडी लावा म्हणून घरोघर सांगितलं होतं. प्लास्टिकच्या झेंड्यांवर २०२२ पासून बंदी आहेच. सात होड्यांवर कापडी होत्या. आमच्या होडीवरच्या मी आणि जावेने जुन्या लुगड्यांच्या शिवल्या.

९ एप्रिल

अडलो. गोणी येतात, पण भंगारवाला घेईना. त्याचं म्हणणं सरळ आहे: वाळू आणि मीठ मी वजनात का विकत घेऊ? कोरडी, धुतलेली बाटली आणि जाड प्लास्टिक घेईन, नायलॉनच्या जाळ्याला चांगला भाव देईन, पुड्या आणि थर्माकोल फुकट दिलात तरी नको.

धुवायचं तर पाणी कुठून? एप्रिलात आमच्या वरच्या वाडीला टँकर येतो. पिण्याच्या पाण्याने कचरा धुताना दिसले असते तर लोकांनी मला पंचायतीतून बाहेर काढलं असतं आणि मी त्यांना दोष दिला नसता. भरतीच्या पाण्यात गोणी बुडवून वाळू काढली. मीठ राहिलंच.

रस्त्याच्या ठेकेदाराशीही बोलले. मदुराईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी रस्त्यात प्लास्टिक वापरायची ही पद्धत काढली, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खडी साधारण १६० अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा, तो वितळून खडीला लेप बसतो, मग डांबर. पातळ पिशव्यासुद्धा चालतात. पीव्हीसी मात्र अजिबात नको, तापवलं की विषारी वायू सुटतो. ठेकेदाराची तयारी आहे, पण त्याला चुरा हवा, आणि चुरा करायचं यंत्र गावात परवडणारं नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिकच्या युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. आमच्या तालुक्याचं युनिट अजून चालू झालेलं नाही. तिथे तीन चकरा झाल्या, चौथी सोमवारी.

वेंगुर्ल्याचं उदाहरण सगळे देतात. छोटी नगरपरिषद, पण कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो, प्लास्टिक रस्त्याला जातं आणि कचरा डेपो लोक बघायला येतात. ते खरंच आहे. पण त्यांचं प्लास्टिक घरातून येतं, कोरडं. आमचं खारट.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. कचरा निवडायला शेड बांधायचा ठराव आला. सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांमुळे, किनाऱ्याजवळ पक्कं बांधकाम नको, म्हणून बांबू, पत्रा आणि खाली फरशा, हलवता येईल असं. शेडचा खर्च पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या हिश्शातून. मजुरीवर खडाजंगी झाली. "कचरा वेचायला पगार कसला, श्रमदान करा," असं एक सदस्य म्हणाले. मी विचारलं, तुमच्या घरच्या किती जणी येतील श्रमदानाला, दररोज, वर्षभर? ते बसले.

मग खळ्यावरच्या त्या चौघींतली एक उठली. ग्रामसभेत मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "जवल्यातनं आमी फुकट वेचतो ता कुनाला दिसत नाय. शेडमधी बसून वेचू तवा पैसं द्या." टाळ्या वाजल्या. मजुरी ग्रामनिधीतून, काम बचत गटाकडे, असा ठराव मंजूर झाला.

३० मे

यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात आला. जाणत्या माणसांनाही इतका लवकर आल्याचं आठवत नाही. होड्या बंदीच्या आधीच वर ओढल्या. एरवी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते.

त्याच २५ तारखेला 'एमएससी एल्सा ३' हे जहाज कोचीपासून काही अंतरावर बुडालं, सहाशेहून जास्त कंटेनर घेऊन. त्यातले काही वाहत कोल्लमच्या किनाऱ्याला लागले, शक्तिकुळंगऱ्यालाही. आणि पाठोपाठ केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लास्टिकचे दाणे येऊ लागले. नर्डल म्हणतात त्यांना. मसुराएवढे, पांढरे, ज्यापासून पुढे बादल्या, पिशव्या बनतात तो कच्चा माल. वाळूत मिसळले की चाळणीने काढावे लागतात आणि माशाला ते अंड्यांसारखे दिसतात.

ज्या बंदराने देशाला जाळ्यातलं प्लास्टिक बाहेर काढायला शिकवलं, त्याच्याच दारात हे येऊन पडलं. रात्री झोप लागली नाही. आठ वर्षं गोणी गोणी करून काढायचं आणि एका जहाजाने एका दिवसात ओतायचं.

१८ जून

मिठाचं कोडं पावसाने सोडवलं. शेडबाहेर दोन खांबांमध्ये जुन्या डोलीचा तुकडा झोळीसारखा बांधला, त्यात निवडलेलं प्लास्टिक पसरलं आणि आठ दिवस पावसात राहू दिलं. तुकडे वाहून जाऊ नयेत म्हणून खाली आणखी एक बारीक आसाचं, म्हणजे लहान भोकांचं, जाळं. आज एक बाटली चाटून पाहिली. बायका हसल्या, पण ती खारट लागली नाही.

पुढच्या वर्षापासून जानेवारी ते मे साठवायचं आणि जूनमध्ये धुवायचं असं वेळापत्रक ठरवलं. जागा मोठी लागेल.

३ जुलै

माझी चूक लिहायची आहे, सविस्तर लिहिते.

दर्यातलं प्लास्टिक काढताना एक गोष्ट बोचत होती. गावाच्या मधून पऱ्या वाहतो, तो सरळ जेट्टीच्या बाजूला समुद्राला मिळतो. म्हणून त्याच्या मुखाशी आडवं जाळं बांधायचं ठरवलं. मीच सांगितलं, तळापासून वरपर्यंत बांधा, काही सुटता कामा नये. अनुभवी माणसांनी "पाणी जोर करील" म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

परवा रात्री मुसळधार पाऊस लागला. जाळं पाल्याने आणि पिशव्यांनी भिंतीसारखं बंद झालं. दोनच्या सुमारास खालच्या आळीतून हाका आल्या. दोन घरांत गुडघाभर पाणी शिरलं होतं. एका घरात तांदळाचं पिंप भिजलं, दुसऱ्यात मुलीची बारावीची पुस्तकं. नवरा आणि तिघे खलाशी पऱ्यात उतरले आणि जाळं कोयत्याने तोडलं. भिंत सुटली तसं सगळं गेलं समुद्रात, आम्ही अडवलेलं सगळं.

सकाळी दोन्ही घरी जाऊन माफी मागितली. तांदूळ आणि पुस्तकं माझ्या मानधनातून भरून देते आहे. ही पंचायतीची चूक नाही, माझी आहे.

आज नव्याने बांधलं. तिरकं, तळाशी हातभर मोकळं, आणि वरून पाणी जाईल इतकं बुटकं. तरंगणारं बाजूला सरकतं, पाणी खालून जातं. अतिवृष्टीचा इशारा आला की जाळं उचलून ठेवायचं, त्यासाठी पऱ्याशेजारच्या घरातल्या मुलाकडे जबाबदारी दिली.

११ जुलै

पऱ्याच्या जाळ्यातलं आज निवडलं. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं, गावातल्याच मेडिकलचं नाव छापलेल्या पिशव्या. मुंबईहून वाहून आलेलं किंवा नदीवरून आलेलं यात काही नाही. सगळं आमच्या चुलीपासून दोनशे पावलांतलं.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्या वेळेस पाच हजार दंड. केंद्राच्या नियमाने १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. पावती फाडायचा अधिकार वापरावा की नाही यावर मी चार दिवस विचार केला. आमच्या दुकानदारांची दिवसाची विक्री मला माहीत आहे. आधी तिन्ही दुकानदारांना शेडमध्ये बोलावून त्यांच्याच पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. दिवाळीपर्यंत मुदत. त्यानंतर पावती, कुणाचीही असो. माझ्या दिराचंही दुकान त्यात आहे.

२२ जुलै

वादळी वाऱ्याने किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले कासव आलं, तुटक्या जाळ्यात गुरफटलेलं. पुढच्या पायात दोरा हाडापर्यंत रुतला होता. वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही ओलं गोणपाट टाकून बसलो. जाळं निळ्या नायलॉनचं, आमच्याच भागात वापरतात तसं. फाटलेलं जाळं दर्यात सोडणारे आमचेच लोक आहेत, हे त्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणीही नाकारलं नाही.

सोसायटीने जुनी जाळी तोलून घ्यायची ठरवलं. भंगारवाल्याचा भाव थेट नाखवाला. बारा दिवसांत शेडची एक बाजू भरली. ज्या नाखवाने जानेवारीत प्रश्न विचारला होता त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त आलं. कचऱ्याची गोणी मात्र तो अजून नेत नाही.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळ दर्याला दिला. यंदा हार, फुलं, नारळ एवढंच. प्लास्टिकची वेष्टनं जेट्टीवरच टोपलीत काढून घेतली. टोपलीजवळ शाळेची मुलं उभी केली होती, त्यांच्यापुढे कुणी नाही म्हटलं नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन, मग ग्रामसभा. गोणीचा नियम आता ग्रामसभेचा ठराव झाला आणि सोसायटीनेही तो स्वतःच्या नियमांत घेतला. दोन्ही ठरावांत माझं नाव कुठेही नाही, मुद्दाम पाहिलं.

संध्याकाळी बातमी: जिनिव्हात प्लास्टिकच्या जागतिक कराराची बोलणी आज काहीच न ठरता संपली. ५ तारखेपासून चालली होती. करार करायचा हे नैरोबीत २०२२ सालीच ठरलं होतं. वाद जुनाच आहे. काही देशांना प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा हवी, तेल विकणाऱ्या देशांना फक्त कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल बोलायचं आहे.

मला यात बाजू घ्यायला वेळ लागत नाही. कचऱ्याची व्यवस्था म्हणजे काय ते मी सात महिने करते आहे. चार बायका, एक शेड, बावीस होड्या. पुडी बनणंच थांबलं नाही तर या चौघींच्या मुलीही तिथेच बसून वेचतील.

२० सप्टेंबर

आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. शहरातून दोन बस भरून तरुण मंडळी आली, मनापासून राबली. त्यांचे आभार मानले. पण एक विनंतीही केली: हातमोजे, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे परत घेऊन जा. त्यांनी नेले. आणि दोन मुली दुपारी शेडमध्ये थांबून निवडायला बसल्या, तासाभरात त्यांना कळलं की बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं आणि वेगळं ठेवावं लागतं.

आता बावीसपैकी सतरा होड्या गोणी नेतात.

२ ऑक्टोबर

पहिला माल गेला. धुतलेल्या बाटल्या, जाड प्लास्टिक, दोर आणि जाळी भंगारवाल्याने भाव न पाडता उचलली. पैसे बचत गटाच्या खात्यावर जमा झाले, पासबुकात नोंद करून चौघी दाखवायला आल्या. पातळ पिशव्यांच्या गोणी तालुक्याचं युनिट चालू होण्याची वाट पाहत आहेत. तारीख अजून नाही, सोमवारी पुन्हा जायचं आहे.

पुड्या, चिप्सची वेष्टनं, शाम्पूचे पाऊच वेगळे काढून ३१ गोणी भरल्या आहेत. एकावर एक तीन थर असतात त्यांना, चकचकीत, म्हणून कुणी विकत घेत नाही. त्या शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत. उद्यापासून पुन्हा उधाण वाढेल, होड्या भरून येतील. मागच्या बाजूला अजून दोन पत्रे लागतील, भाऊसाहेबांना आज अंदाजपत्रक करायला सांगितलं.